प्रॉक्सी फाइलवर संपादन, मूळ फाइलवरून अंतिम प्रत : लग्नाच्या चित्रीकरणामागील तंत्र

जबलपूर : गोंडवानाची राणी दुर्गावती हिच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल आणि मंत्री अधारसिंह यांच्या नावाचा अधारताल, अशी जबलपूरच्या तीन तलावांची कथा लोकपरंपरेने चालत आलेली आहे. चेरी म्हणजे दासी. राणी १५६४ साली रणांगणावर कामी आली. आज चेरीताल म्हटले की जबलपूरकराच्या डोळ्यांसमोर पाण्याचा विस्तार येत नाही. दाट वस्ती, दुकाने आणि अरुंद रस्ते येतात. राणीच्या वतीने वावरणारी दासी आणि तलावाच्या जागी उरलेले त्याचे नाव, ही दोन्ही चित्रे मनात ठेवली तर व्हिडिओ संपादनातील एक काहीशी किचकट भासणारी गोष्ट समजणे सोपे जाते. ती गोष्ट म्हणजे प्रॉक्सी फाइल.

जबलपूरमध्ये मराठी कुटुंबे नवी नाहीत. १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे रेल्वे, तोफगाडी कारखाना आणि उच्च न्यायालय यांच्या निमित्तानेही मराठी माणसे येथे येत राहिली. अशा कुटुंबातील लग्नाला नातलग नागपूर, पुणे, इंदूर येथून येतात आणि ज्यांना येणे जमत नाही, ते चित्रफितीची वाट पाहतात. त्या चित्रफितीत अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच टिपला जातो. तो पुन्हा चित्रित करता येत नाही, आणि म्हणूनच पुढील तांत्रिक तपशील केवळ संपादकाच्या कामाचा नसून लग्नघरालाही ठाऊक असावा असा आहे.

समजा, चेरीतालमधील अशाच एका घरचे लग्न आहे. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत दोन दिवसांत तीन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी सहा तास चित्रीकरण केले. म्हणजे एकूण अठरा तास. कॅमेरे ४के दर्जाचे असून प्रतिसेकंद १०० मेगाबिट या वेगाने नोंद करतात, असे धरू. एका तासाची नोंद ४५ जीबी होते. अठरा तासांची ८१० जीबी. ही सामग्री हार्ड डिस्कवर उतरवून छायाचित्रकाराचा संपादक कामाला बसतो आणि पहिल्याच मिनिटाला संगणक अडखळू लागतो. चित्र थांबते, आवाज पुढे जातो. मंगलाष्टके ऐकू येत असतात आणि पडद्यावर नवरी अजून मामाबरोबर चालतच असते.

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण सर्वांच्या लक्षात येते : ४केच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात आणि असली पंचवीस चित्रे दर सेकंदाला उलगडावी लागतात. दुसरे कारण मात्र अनेक संपादकांच्याही ध्यानी येत नाही, आणि अधिक त्रास त्याचाच होतो. एच. २६४ किंवा एच. २६५ या पद्धतींनी नोंद करणारा कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. काही चित्रांआड एक चित्र तो पूर्ण लिहितो. मधल्या चित्रांबाबत शेजारच्या चित्रांच्या तुलनेत काय बदलले, एवढेच टिपून ठेवतो. वाण्याने खातेवहीत रोजची शिल्लक न मांडता केवळ ‘आज इतके दिले, इतके आले’ एवढेच लिहावे आणि पंधरवड्यातून एकदाच पूर्ण शिल्लक काढावी, तसा हा प्रकार. वही आटोपशीर राहते. परंतु मधल्याच एखाद्या दिवसाची शिल्लक कुणी विचारली, की मागील पूर्ण शिल्लकेपासून सारी बेरीज-वजाबाकी नव्याने करावी लागते. संपादक नेमके हेच करीत असतो. तो चित्रफीत सरळ पाहत नाही. पुढे जातो, मागे येतो, एका चित्रावर थांबतो, दोन चित्रे अलीकडे सरकतो. त्याच्या प्रत्येक हालचालीसरशी संगणकाला हिशेब मुळापासून मांडावा लागतो. त्यातच चित्र १०-बिट रंगखोलीचे असेल, तर अनेक साध्या संगणकांच्या ग्राफिक कार्डाकडे ते उलगडण्याची अंगभूत सोयही नसते.

नवा संगणक घेणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय म्हणजे प्रॉक्सी.

प्रॉक्सी फाइल ही मूळ चित्रफितीची हलकी प्रतिनिधी प्रत असते. नाव, कालावधी, प्रतिसेकंद चित्रांची संख्या आणि ध्वनी तेच; चित्राचा आकार मात्र लहान. ४केची प्रॉक्सी ९६० गुणिले ५४० या आकारात केली, तर बिंदूंची संख्या सोळाव्या हिश्शावर येते. ती प्रतिसेकंद ५ मेगाबिट वेगाने तयार केली, तर आपल्या लग्नाच्या अठरा तासांची सामग्री सुमारे ४० जीबीत मावते. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती बसते. याहून वेगळी अशी दुसरी जातही आहे. ॲपलचे प्रोरेस प्रॉक्सी किंवा ॲव्हिडचे डीएनएक्सएचआर यांत प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण लिहिले जाते, म्हणजे वाणी रोजच्या रोज शिल्लक मांडतो. त्यामुळे मागे-पुढे सरकणे अतिशय सुलभ होते; मात्र जागा अधिक लागते. १९२० गुणिले १०८० आकारात, सेकंदाला पंचवीस चित्रांच्या हिशेबाने प्रोरेस प्रॉक्सीचा वेग ३८ मेगाबिट असतो. त्याचे तासाला सुमारे १७ जीबी होतात, आणि अठरा तासांना तीनशे जीबीहून अधिक. जुना संगणक आणि भरपूर मोकळी डिस्क असेल, तर ही जात निवडावी. फाइल दुसऱ्या गावी पाठवायची असेल, तर पहिली.

ही कल्पना संगणकाने जन्माला घातलेली नाही. फिल्मच्या जमान्यात कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह संपादनाच्या टेबलावर कधीही येत नसे. तिच्यावरून एक कामाची प्रत छापली जाई आणि संपादक ती प्रत कापत, चिकटवत, तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीने खुणा करीत, वारंवार यंत्रातून फिरवत. प्रतीवर ओरखडे उठत, ती कळकट होई, आणि त्याचे कुणालाच काही वाटत नसे. निगेटिव्हच्या काठावर ठरावीक अंतराने छापलेले क्रमांक कामाच्या प्रतीच्या काठावरही उमटलेले असत. संपादन पूर्ण झाले, की निगेटिव्ह कापणारा तंत्रज्ञ हातमोजे घालून, ते क्रमांक जुळवून, मूळ निगेटिव्ह एकदाच कापी. तिथे चूक झाली तर भरपाई नव्हती. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत शिकलेल्या संपादकांच्या कित्येक पिढ्यांनी हीच शिस्त हाताने गिरवली आहे.

चुंबकीय फीत आली तेव्हा काठावरच्या क्रमांकांची जागा टाइमकोडने घेतली : प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि चित्रक्रमांक असा पत्ता मिळाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ॲव्हिडसारखी संगणकीय संपादनयंत्रे आली, त्या वेळी डिस्क इतक्या लहान आणि महाग होत्या, की अतिशय हलक्या दर्जाच्या चित्रांवरच काम करणे भाग होते. वॉल्टर मर्च यांनी अशा संगणकीय पद्धतीने संपादित केलेल्या ‘द इंग्लिश पेशंट’ या १९९६च्या चित्रपटाला संपादनाचे ऑस्कर मिळाले. असे ऑस्कर मिळवणारा तो पहिलाच संगणकीय पद्धतीने संपादित चित्रपट. मर्च यांच्यासमोर पडद्यावर होती ती प्रतिनिधी प्रत. प्रेक्षकांनी पाहिली ती मूळ निगेटिव्हवरून निघालेली प्रत. पुढे हे काम सॉफ्टवेअर आपणहून करू लागले. फायनल कट प्रोच्या २०११मधील नव्या आवृत्तीत प्रॉक्सी तयार करण्याची सोय आली, प्रीमिअर प्रोमध्ये २०१६ साली, आणि दाविंची रिझॉल्व्हने २०२२ साली तर केवळ प्रॉक्सी बनवणारा स्वतंत्र कार्यक्रमच सोबत दिला. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. म्हणजे पैशांअभावी हे तंत्र वापरता येत नाही, असे म्हणण्यास आता जागा नाही.

खरा प्रश्न येतो तो अंतिम प्रत काढताना, म्हणजे एक्स्पोर्टच्या वेळी. संपादक जे काही करतो, त्यातील कापाकापी फाइलवर होत नसते. ती प्रकल्प फाइलमध्ये सूचनांच्या रूपाने लिहिली जाते. ‘दुसऱ्या कॅमेऱ्याच्या अमुक फाइलमधील या क्षणापासून त्या क्षणापर्यंत घ्यावे, त्यानंतर पहिल्या कॅमेऱ्यावर जावे’ अशी ती यादी असते आणि तिचा आकार सामग्रीच्या मानाने नगण्य असतो. पडद्यावर दासी वावरत असली, तरी यादीत नाव राणीचेच असते. एक्स्पोर्टची आज्ञा दिली, की सॉफ्टवेअर प्रॉक्सी बाजूला सारते, मूळ फाइली उघडते आणि यादीबरहुकूम त्यांतून चित्रे उचलते. संपादन सुरळीत झाले, मग एक्स्पोर्टलाच इतका वेळ का लागतो, ही तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे उत्तर यातच आहे. तोवर टाळलेले सारे ओझे संगणक त्या वेळी एकदाच उचलत असतो. रात्री एक्स्पोर्ट लावून झोपावे आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस जोडलेला असावा, एवढेच यावर सांगता येईल.

मात्र ‘सॉफ्टवेअर मूळ फाइल उघडते’ हे वाक्य विनाशर्त खरे नाही, आणि घात येथेच होतो. प्रीमिअर प्रो आणि रिझॉल्व्ह या दोहोंत एक्स्पोर्टच्या चौकटीत ‘प्रॉक्सी वापरा’ असा एक पर्याय असतो. घाईघाईने नमुना दाखवायचा असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. एकदा निवडलेला हा पर्याय अंतिम प्रतीच्या वेळीही तसाच राहिला, तर ५४० रेषांचे चित्र ४केच्या चौकटीत ताणून भरले जाते. फाइलचा आकार मोठा, नावात ४के, आणि चेहऱ्यांवर मात्र धुके. फायनल कट प्रोमध्ये तर पाहण्याच्या खिडकीत जे निवडलेले असेल, तेच एक्स्पोर्टला लागू होते. म्हणून अंतिम प्रत काढण्यापूर्वी तेथे मूळ सामग्रीचा पर्याय निवडणे अत्यावश्यक ठरते. संपादकाच्या लहानशा पडद्यावर हा दोष सहसा दिसत नाही. तो दिसतो लग्नघरी, दिवाणखान्यातील मोठ्या दूरचित्रवाणी संचावर, सारे आप्त जमलेले असताना. त्यामुळे अंतिम प्रत तयार झाल्यावर तिच्यातील एखादे चित्र पूर्ण आकारात उघडून साडीच्या काठाची नक्षी, अक्षतांचे दाणे, वृद्धांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या स्पष्ट दिसतात की नाही, हे पाहण्याची दोन मिनिटे संपादकाने काढलीच पाहिजेत.

दुसरा घात जुळणीत होतो. मूळ फाइल आणि प्रॉक्सी यांचे नाव, लांबी, टाइमकोड, प्रतिसेकंद चित्रसंख्या आणि ध्वनीच्या वाहिन्या एकच असाव्या लागतात. अनेक कॅमेरे प्रत्येक कार्डावर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात. तीन कॅमेरे आणि नऊ कार्डे असली, की एकाच नावाच्या अनेक फाइली सहज निर्माण होतात, आणि मग हळदीच्या जागी रात्रीच्या जेवणाची पंगत येऊन बसते. यावर उपाय जुनाच, काठावरच्या क्रमांकाचा : कार्ड उतरवतानाच प्रत्येक कॅमेऱ्याची आणि कार्डाची स्वतंत्र पेटी करावी, फाइलींची नावे तेव्हाच निश्चित करावीत आणि प्रॉक्सी तयार झाल्यावर एकाही नावाला हात लावू नये. मोबाइलवरील चित्रणात आणखी एक खोच असते. मोबाइल बहुधा प्रतिसेकंद चित्रांची संख्या स्थिर ठेवत नाही. प्रकाश कमी झाला, की वेगही डळमळतो. अशी फाइल थेट घेतली तर ओठ आणि शब्द यांची फारकत होत जाते. आधी ती स्थिर वेगाच्या फाइलमध्ये रूपांतरित करून घ्यावी आणि त्या नव्या फाइललाच मूळ मानून तिची प्रॉक्सी करावी.

काही निर्णय प्रॉक्सीवर घेऊच नयेत. कोणते दृश्य किती लांब ठेवावे, कुठे कापावे, संगीत कोठे यावे, हे सारे हलक्या प्रतीवर निर्धास्तपणे ठरवता येते. परंतु चित्र तीक्ष्ण आहे की किंचित धूसर, हे ५४० रेषांच्या प्रतीत कळत नाही. तेथे धूसर चित्रही नेटके दिसते. रंगसंस्कार, अंधारातील कण कमी करणे, हलणारे चित्र स्थिर करणे, हिरव्या पडद्याचे काम या गोष्टी करताना प्रॉक्सी बंद करून मूळ चित्रच समोर घ्यावे. प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एका कळीची सोय आहे, आणि जाणता संपादक दिवसभरात ती अनेकदा दाबतो.

या तंत्राचा सर्वांत मोठा लाभ, या लेखकाच्या मते, वेगाचा नसून अंतराचा आहे. आपल्या उदाहरणातील ८१० जीबी मूळ सामग्री प्रतिसेकंद ५० मेगाबिटच्या जोडणीवरून पुण्याला पाठवायची, तर अखंड छत्तीस तास लागतील. ४० जीबींच्या प्रॉक्सीला दोन तास पुरे होतात. म्हणजे चित्रीकरण चेरीतालमध्ये, संपादन पुण्यात किंवा नागपुरात बसलेल्या मराठी जाणणाऱ्या संपादकाकडे आणि मूळ सामग्री मात्र जबलपूरमध्येच, असे काम आज सहज होऊ शकते. संपादकाने परत पाठवायची ती केवळ प्रकल्प फाइल. ती जबलपूरमधील संगणकावर उघडून मूळ फाइलींशी जोडली, की अंतिम प्रत येथेच निघते. मराठी लग्नातील विधींचा क्रम, मंगलाष्टकांतील कोणते कडवे कुणी म्हटले, झाल केव्हा आणि सूनमुख केव्हा, हे न कळणाऱ्या संपादकाच्या हाती सामग्री गेली तर काय होते, हे महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

या साऱ्या व्यवस्थेत राणी हरवली, तर दासी एकटी काही करू शकत नाही. मूळ फाइली सापडल्या नाहीत की प्रीमिअर प्रोच्या पडद्यावर लाल चौकट येते आणि सामग्री उपलब्ध नसल्याचे अनेक भाषांतून एकाच वेळी सांगते. डिस्कचे नाव बदलले किंवा पेटी अन्यत्र हलवली, एवढेच कारण असेल, तर नवा पत्ता दाखवून जोडणी पूर्ववत करता येते. परंतु जागा मोकळी करण्यासाठी मूळ फाइलीच पुसल्या असतील, तर उरते ती ५४० रेषांची प्रत. तिच्यातून ४केचे चित्र निर्माण करणारी विद्या नाही. यंत्रबुद्धीच्या साहाय्याने चित्र मोठे करणारी साधने आता आली आहेत. ती नसलेल्या तपशिलाचा अंदाज बांधतात. आजीच्या चेहऱ्याचा अंदाज बांधलेला कुणाला चालेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मूळ सामग्री गमावण्याचे मोल महाराष्ट्राने एकदा मोजले आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आरंभीच्या भारतीय चित्रपटांची जुनी रिळे त्यात गेली. ज्यांच्या प्रती आधी सुरक्षित फिल्मवर घेतल्या होत्या, ते चित्रपट आजही पाहता येतात. पण प्रत्येक प्रतीगणिक काही तपशील उणावतो, आणि मूळ रिळाकडे परतण्याची वाट त्यांच्यापुरती कायमची बंद झाली.

घरोघरी हीच गोष्ट आता व्हॉट्सॲपमुळे होत आहे, तीही कुणाच्या लक्षात न येता. पाहुणे आपापल्या मोबाइलवर टिपलेले क्षण कुटुंबाच्या गटात टाकतात. पाठवताना व्हॉट्सॲप त्या चित्रफिती आकुंचित करते. म्हणजे संपादकाच्या हाती येते ती वस्तुतः प्रॉक्सीच, आणि मूळ फाइल पाहुण्याच्या मोबाइलमध्ये राहून काही महिन्यांत जागेअभावी पुसली जाते. तीच चित्रफीत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर जशीच्या तशी पोहोचते. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल अशी पाठवता येते. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घरातील एखाद्या तरुण मुलाने वा मुलीने हे काम अंगावर घेतले, तर मावशीने मागच्या रांगेतून टिपलेला अंतरपाटाचा क्षणही अंतिम चित्रफितीत मानाने बसू शकतो.

साठवणीबाबतचा हिशेबही यावरून स्पष्ट होतो. प्रॉक्सी फाइली जपून ठेवण्याचे कारण नाही. मूळ फाइली असतील, तर एका रात्रीत त्या पुन्हा तयार होतात. जपायच्या त्या मूळ फाइली, प्रकल्प फाइल, वापरलेले संगीत आणि अक्षरवळणे. त्याही दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या ठिकाणी. छायाचित्रकाराशी बोलणी करताना बहुतेक कुटुंबे अल्बमची पाने आणि ड्रोनचे दर विचारतात. मूळ सामग्री किती महिने ठेवली जाईल आणि ती मागितल्यास मिळेल का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न बयाणा देण्यापूर्वी विचारावा आणि उत्तर कागदावर घ्यावे. एका टेराबाइटच्या डिस्कवर ८१० जीबी बसतात. ती डिस्क कुटुंबाने स्वतः आणून द्यावी, परत आल्यावर घरच्या संगणकाला जोडून तिन्ही कॅमेऱ्यांच्या पेट्या उघडतात की नाही ते पाहावे, आणि मगच छायाचित्रकाराला त्याच्याकडील प्रत पुसण्यास संमती द्यावी.